तारांकनाची भाषा आणि प्रेक्षकाची रुची

चित्रपटास एक ते पाच तारका देण्याची प्रथा आता सर्वपरिचित आहे. अशा तारकांवरून प्रेक्षकाची रुची ओळखता येते, हा समज मात्र तपासून घेण्याजोगा आहे. त्याची सर्वांत मोठी परीक्षा नेटफ्लिक्स या अमेरिकन कंपनीने २००६ मध्ये जाहीर केलेल्या दहा लक्ष डॉलरांच्या पारितोषिकाने घेतली. सुमारे ४ लक्ष ८० हजार प्रेक्षकांनी १७,७७० चित्रपटांना दिलेली १० कोटींहून अधिक तारांकने अभ्यासकांपुढे ठेवण्यात आली. कोणता प्रेक्षक कशास किती तारका देईल, याचे भाकीत कंपनीच्या पद्धतीहून १० टक्के अधिक अचूक करावयाचे होते. २००९ मध्ये ते साधले.

भाकीत साधले, म्हणून रुची कळली असे म्हणता येईल काय? त्या संशोधनातच असे दिसून आले की, तारकांतील फरकांचा मोठा भाग देणाऱ्याच्या सवयीतून येतो. एकाचा हात सैल, दुसऱ्याचा आखडता. कृपणाच्या चार तारका उदाराच्या पाचांहून वजनदार असू शकतात. चिन्हाचे मूल्य त्याच व्यवस्थेतील इतर चिन्हांशी असलेल्या भेदावर ठरते, हा सोस्यूर यांचा सिद्धांत येथे तंतोतंत लागू पडतो. तारका हे माप नव्हे; तो शब्द आहे, आणि प्रत्येकाची बोली निराळी आहे.

याहून उद्बोधक गोष्ट २००४ च्या आरंभीची. त्या सुमारास तारांकनांची सरासरी एकाएकी वाढली. विजयी गटातील येहुदा कोरेन यांनी सुचविलेल्या कारणांपैकी एक भाषिक आहे: पाच तारकांपुढील शब्द ‘उत्कृष्ट चित्रपट’ या अर्थाचा होता, तो ‘फार आवडला’ या अर्थाचा झाला. मराठी व्याकरणास हा भेद नवा नाही. ‘चित्रपट चांगला आहे’ या वाक्यात बोलणारा कोठेच नाही. ‘मला चित्रपट आवडला’ यात तो ‘मला थंडी वाजते’ याप्रमाणे चतुर्थीत येतो. पहिले विधान निर्णयाचे, दुसरे अनुभवाचे. तारकेत दोन्ही एकवटतात.

वाईचे उदाहरण घ्यावे. ‘स्वदेस’ (२००४) मधील चरणपूर कथेत उत्तर प्रदेशात आहे. पडद्यावर दिसतो तो वाईजवळील मेणवलीचा कृष्णाघाट. ‘गंगाजल’ (२००३) आणि ‘दबंग’ (२०१०) यांच्या कथाही उत्तरेकडील, चित्रण मात्र याच परिसरातले. वाईच्या एखाद्या प्रेक्षकाने तिन्हींस पाच तारका दिल्या, तर त्यास उत्तरेकडील ग्रामकथांची ओढ आहे, असा निष्कर्ष कोणीही काढील. वस्तुतः तो आपला घाट पाहत असेल. असे प्रेक्षक पुष्कळ असतील तर गणित हा धागा पकडीलही, कारण त्यास केवळ साहचर्य पुरते. परंतु त्या धाग्यास नाव देणे त्याच्या आवाक्यात नाही. आणि नाव नसलेल्या आवडीस रुची म्हणणे समीक्षेस परवडणारे नाही.

२०१७ मध्ये नेटफ्लिक्सने तारका काढून अंगठ्याची खूण आणली. २०२२ मध्ये तिला दोन अंगठ्यांची जोड मिळाली. ‘फारसा चांगला नाही, तरी आवडला’ हे मधल्या तारकांतून अर्धेमुर्धे का होईना सुचविता येई. अंगठ्यांत त्यास जागा उरलेली नाही.