सरकत्या खिडकीचे रसग्रहण

खिडकीला संस्कृतात ‘वातायन’ म्हणतात. म्हणजे वाऱ्याची वाट. मुंबईच्या नव्या फ्लॅटातली सरकती खिडकी हे या शब्दाचे विडंबन समजावे. दोन काचांपैकी एक सरकवली की ती दुसरीच्या मागे जाऊन उभी राहते. निम्मी वाट कायमची बंद! दिसायला मात्र देखणी. नेपथ्य झकास आणि नट मुका, तशातली गत.

जुन्या घरात दारावर झरोका असे. दमट, गरम हवा वर चढते, हे त्या सुताराला ठाऊक होते. आपण झरोका बुजवला आणि ‘व्ह्यू’ घेतला. आता भाताची वाफ, आंघोळीची वाफ, दोरीवरचे ओले कपडे सगळे जुलैत घरातच मुक्कामाला! ती ओल भिंतीत मुरते. मग बुरशी, मग धाकट्याचा खोकला. रंगारी येऊन बुरशीवरच रंग फासतो. गोवरावर पावडर लावावी तसा.

तेव्हा पाऊस उघडला की समोरासमोरच्या खिडक्या थोडा वेळ तरी उघडा, स्वयंपाकघरात हवा बाहेर टाकणारा पंखा लावा. आणि घर बघायला जाल तेव्हा समुद्र दिसतो का, हे मागाहून विचारा. आधी विचारा, वारा येतो कुठून आणि जातो कुठून?