घरांच्या जाहिराती : एक वाङ्मयविचार

कथा-कादंबऱ्यांची चिकित्सा करणारे विद्वान आपल्याकडे पुष्कळ आहेत. परंतु ज्या मजकुरावर विसंबून साधा संसारी माणूस आयुष्यभराची पुंजी पणाला लावतो, त्याकडे समीक्षक सहसा वळत नाहीत. मी बोलतो आहे ते इंटरनेटवरील घरविक्रीच्या जाहिरातींविषयी. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. चार-दोन कादंबऱ्या नावावर आहेत, एवढाच माझा अधिकार. पण गेले आठ महिने हे वाङ्मय मी रोज रात्री मोबाइलवर वाचीत आहे. कारण डोंबिवलीतील आमची भाड्याची जागा येत्या मे महिन्यात सोडावयाची आहे.

या वाङ्मयाची शैली प्रथम पाहू. त्यात विशेषणांची रेलचेल असते : प्रशस्त, हवेशीर, आलिशान. क्रियापद मात्र सहसा नसते. ‘प्रशस्त दोन खोल्या, भरपूर उजेड, स्टेशन दहा मिनिटे.’ व्याकरण शिकविणाऱ्याच्या हे चटकन ध्यानात येते, की वाक्याला कर्ताच नाही. म्हणजे जबाबदारीही कोणाची नाही. बदलापूरचे असे ‘दहा मिनिटे’वाले घर पाहावयास मी आईला घेऊन गेलो. तिचे गुडघे दुखतात. चालता चालता पस्तीस मिनिटे झाली, तेव्हा ती एका दुकानाच्या पायरीवर टेकली आणि म्हणाली, “अरे, दहा मिनिटं ती कोणाच्या पायांनी?” या वाङ्मयाची याहून नेमकी समीक्षा मला साधलेली नाही.

आता चित्रे. इमारत बांधून व्हायची असते, तरी चित्रात तिच्या भोवती ताडमाड डुलत असतात. पोहण्याच्या तलावाकाठी तरुण जोडपी हसत उभी असतात. मी पाहिलेल्या चित्रांत म्हातारे माणूस क्वचितच दिसले, आणि वाळत घातलेले कपडे तर कोठेच दिसले नाहीत. ओट्यावर कुकर नाही, कोपऱ्यात लोणच्याची बरणी नाही. भिंगाच्या करामतीने खोली लांबरुंद दिसते, पण तीत कोणी राहिलेले दिसत नाही.

आपल्या साहित्यातील घरे याच्या अगदी उलट आहेत. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली पुस्तकरूपाने आली. त्या चाळीच्या खोलीचे क्षेत्रफळ कोणाला ठाऊक आहे? पण तेथील माणसे आपल्याला शेजाऱ्यांइतकी परिचित आहेत. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’तील नादुरुस्त ट्रॅक्टर त्या घराची सारी अवस्था सांगून जातो. लेखक घराचे वैगुण्य दाखवितो, म्हणून त्या घरावर आपला विश्वास बसतो. जाहिरात वैगुण्य झाकते आणि तेथेच ती वाङ्मय म्हणून फसते.

न्यायाच्या दृष्टीने गुणही सांगितले पाहिजेत. पूर्वी दलालामागे उन्हातान्हात हिंडावे लागे. आता पन्नास घरांच्या किमती अंथरुणावर पडून ताडून पाहता येतात. शिवाय याच इंटरनेटवर एक रूक्ष परंतु उपयुक्त ग्रंथही उघडा आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यान्वये स्थापन झालेल्या ‘महारेरा’चे ते नोंदणीपत्रक. जाहिरातीवर नोंदणी क्रमांक असतो; १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही बंधनकारक झाला आहे. बदलापूरच्या त्या घराला जाहिरातीत ६५० चौरस फूट म्हटले होते. नोंदणीत त्याचे चटईक्षेत्र ३८ चौरस मीटर निघाले, म्हणजे सुमारे ४०९ फूट! जिना, गच्ची, बाहेरच्या भिंती, सारे जाहिरातीने आमच्या दिवाणखान्यात आणून ठेवले होते. नोंदणीतल्या गद्याला रस नाही, पण कर्ता आहे, तारीख आहे आणि ताबा देण्याचे वचनही आहे.

खरे सांगतो, आईला घेऊन जाण्यापूर्वी मी त्या घरासाठी बयाणा देण्याच्या बेतात होतो. विक्रेत्याच्या माणसाने किमतीचा पाचवा हिस्सा ताबडतोब मागितला होता. अशा नोंदणीकृत प्रकल्पात करारनामा नोंदविल्यावाचून दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हे मला मागाहून वाचावयास मिळाले. निबंधात विशेषणे खोडावयास लावणारा मास्तर स्वतः विशेषणांना भुलला होता.

म्हणून वाचकहो, ही जाहिरात कादंबरीसारखी वाचू नका. परीक्षेच्या पेपरासारखी तपासा. काय लिहिले आहे त्याआधी काय लिहिलेले नाही ते पाहा. पाणी किती वेळ येते? लिफ्ट बंद पडली तर म्हातारे माणूस वर कसे चढेल?

परवा रात्री आईने माझ्या खांद्यावरून मोबाइलमधली एक चकचकीत बाल्कनी पाहिली. बराच वेळ पाहून तिने विचारले, “आकाशकंदील टांगायला खिळा कुठे आहे रे इथे?” मला खिळा सापडला नाही. यंदाचा कंदील आम्ही भाड्याच्या जागेच्या जुन्याच खिळ्याला टांगला आहे.