हेल्माँटचे दोन औंस

ब्रुसेल्सच्या व्हान हेल्माँटचा विलोचा (आपल्या वाळुंजाचा हा भाऊबंद) प्रयोग आपण वर्गात ‘फसलेला’ म्हणून उरकतो. हे अन्यायाचे आहे. १६४८ साली छापलेले त्याचे टिपण पाहा: भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती, ५ पौंडांचे रोप, ५ वर्षांनी झाड १६९ पौंडांचे, माती सुमारे २ औंसच कमी. चार शरदांत गळलेली पाने तोलली नाहीत, हेही तो सांगून टाकतो! झाडाचे वजन मातीतून आले नाही, एवढे यातून ठरते. ‘सारे पाण्यातून आले’, हे ठरत नाही; हवा हिशेबात धरलीच नव्हती, आणि ‘गॅस’ हा शब्द तर त्यानेच घडवलेला. उरले २ औंस. ती खनिजेच, असे आपण बेधडक शिकवतो. २०० पौंड माती तोलताना तेवढी चूक सहज होऊ शकते.