तारीख कागदाची की माणसांची? बियारचं चित्र आणि परीक्षेतलं एक वाक्य



मागच्या वेळी आपण संशोधनाचा प्रश्न लहान कसा करायचा ते पाहिलं. आज स्रोत कसा तपासायचा ते पाहू, आणि त्यासाठी एक चित्र घेऊ. मी विज्ञानाची विद्यार्थिनी आहे, इतिहासाची नाही. तरीही हे चित्र घेतलं, कारण त्यात जी चूक दिसते ती मी स्वतः प्रयोगशाळेत केली आहे.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी एका सादरीकरणात मी सांगितलं, "अभिक्रिया चौथ्या दिवशी पूर्ण झाली." गाइडनी विचारलं, "चौथ्या दिवशी झाली, की चौथ्या दिवशी तू वहीत लिहिलंस?" मी गप्प. मधले दोन दिवस मी नमुना तपासलाच नव्हता. वहीतली तारीख माझी होती, अभिक्रियेची नव्हती.

आता नेट-सेटच्या नोट्समध्ये सापडेल असं हे वाक्य वाचा: "२७ एप्रिल १८४८ रोजी फ्रेंच वसाहतींमधील गुलामगिरी रद्द करण्यात आली." वाक्य खोटं नाही. पॅरिसमध्ये त्या दिवशी आदेशावर सह्या झाल्या, आणि व्हिक्टर शोल्शेर यांनी त्यासाठी खरोखर झटून काम केलं होतं. पण 'करण्यात आली' म्हटलं की कर्ता वाक्यातून गायब होतो. मग ती जागा आपण आपल्या मनाने भरतो, आणि बहुतेक वेळा तिथे सरकारला बसवतो.

फ्रांस्वा-ओग्युस्त बियार या चित्रकाराने १८४९ मध्ये ती जागा रंगांनी भरली. त्याचं हे भलंमोठं तैलचित्र व्हर्सायच्या संग्रहात आहे. त्यात वसाहतीतलं मोकळं आवार दिसतं. एका बाजूला उंचावर सरकारचा प्रतिनिधी उभा आहे आणि तिथे तिरंगी फ्रेंच निशाण आहे. मधोमध एक काळा पुरुष आणि स्त्री एकमेकांना बिलगली आहेत, तुटलेल्या साखळ्या वर उचललेल्या आहेत. आजूबाजूला कुणी हात उंचावलेत, कुणी गोऱ्यांपुढे गुडघे टेकलेत.

चित्र वाईट नाही. मधल्या जोडप्याचा आनंद आपल्यापर्यंत पोचतो. एका पिढीने सोसलेलं दुसऱ्या दिवशी संपणार, हे त्या मिठीत दिसतं. माझा आक्षेप रचनेवर आहे. स्वातंत्र्य वरून खाली येतं, देणारा उभा असतो आणि घेणारे वाकलेले. शिवाय चित्राच्या प्रचलित नावात तारीख आहे २७ एप्रिल १८४८. त्या दिवशी असा प्रसंग कुठल्याही फ्रेंच वसाहतीत घडणं शक्यच नव्हतं. आदेश जहाजाने जायचा होता, आणि समुद्र ओलांडायला काही आठवडे लागत. त्यातच आदेशाच्या पहिल्या कलमात म्हटलं होतं की प्रत्येक वसाहतीत तो जाहीर झाल्यावर दोन महिन्यांनी गुलामगिरी संपेल.

मग वसाहतींमध्ये काय झालं? इथे वहीतली तारीख बाजूला ठेवून नमुनाच तपासू.

मार्टिनिकमध्ये फेब्रुवारी क्रांतीची बातमी मार्चअखेर पोचली. ३१ मार्चला तिथला अधिकारी हुसों याने गुलामांसाठी जाहीरनामा काढला. त्याचा मतितार्थ असा: स्वातंत्र्य येतंय, तोवर शांतपणे काम करत राहा. मे महिन्यात सँ-पिएर भागातल्या एका मळ्यावर रोमँ नावाच्या गुलामाला ढोल वाजवल्यावरून पकडण्यात आलं. लोक जमले, त्याला सोडावं लागलं, पण उठाव थांबला नाही. २२ मे रोजी रक्तपात झाला. २३ मे रोजी हंगामी गव्हर्नर रोस्तोलाँ याने गुलामगिरी तात्काळ संपल्याचं जाहीर केलं. २७ मे रोजी शेजारच्या ग्वादलूपमध्येही गव्हर्नरने तेच केलं. पॅरिसचा आदेश घेऊन येणारा प्रतिनिधी मार्टिनिकला पोचला जूनमध्ये. म्हणजे चित्रातला तो उंचावरचा माणूस तिथे पोचेपर्यंत साखळ्या तुटून गेल्या होत्या.

हे वाचून उलट्या टोकाला जाऊ नका. "कायद्याने काही होत नाही, सगळं उठावानेच होतं" हे वाक्यही तितकंच कच्चं आहे. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर असा उठाव झाला नाही. तिथे आयुक्त सार्दा-गारिगा ऑक्टोबरमध्ये आदेश घेऊन आला, आणि २० डिसेंबर १८४८ रोजी सुमारे ६० हजार माणसं मुक्त झाली. मधल्या काळात त्यांना कामाचे करार करायला लावलं होतं. इथे कागदानेच काम केलं, पण मळेवाल्यांची सोय बघून.

तुलना अजून पक्की करायची असेल तर थोडं मागे जा. फ्रान्सने गुलामगिरी पहिल्यांदा रद्द केली ती ४ फेब्रुवारी १७९४ रोजी. तेव्हाही सँ-डोमँगमध्ये, म्हणजे आजच्या हैतीत, १७९१ पासून उठाव चालू होता आणि आयुक्त सोंतोनाक्सने उत्तर भागात २९ ऑगस्ट १७९३ लाच मुक्ती जाहीर केली होती. त्यानंतर आलेला कायदा सगळ्यांना एकच होता, परिणाम मात्र वेगवेगळे. ग्वादलूपमध्ये तो लागू झाला. मार्टिनिक इंग्रजांच्या ताब्यात गेल्यामुळे तिथे पोचलाच नाही. तेव्हा फ्रेंच असलेल्या मॉरिशसमध्ये १७९६ साली तो घेऊन आलेल्या प्रतिनिधींना मळेवाल्यांनी परत पाठवलं. (हाच तो मॉरिशस, जिथे पुढे इंग्रजी अमलात गुलामगिरी संपल्यावर हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले गेले. तिथल्या मराठी समाजाचे पूर्वज त्यांतलेच.) आणि १८०२ मध्ये नेपोलियनच्या काळात ग्वादलूपमधलं स्वातंत्र्य काढून घेतलं गेलं. सहीने दिलेलं सहीने परतही घेता येतं. हैतीत मात्र ते परत घेता आलं नाही, कारण तिथे फौजेला हरवणारे लोक उभे होते.

कायदा स्थिर आणि निकाल बदलता असेल तर निकालाचं कारण फक्त कायद्यात शोधून चालत नाही. हे आपण प्रयोगशाळेत रोज म्हणतो.

"ठीक आहे, पण श्रेय कुणाचं याने फरक काय पडतो?" असं कुणी विचारेल. फरक पैशात पडला. १८४८ च्या आदेशातच मळेवाल्यांच्या भरपाईचा विषय होता, आणि १८४९ च्या कायद्याने त्यांना एकूण सुमारे १२ कोटी ६० लाख फ्रँक मिळाले. मुक्त झालेल्यांना काहीच नाही. स्वातंत्र्य ही सरकारने दिलेली देणगी मानली की देणगी घेणाऱ्याला आणखी काही द्यायचा प्रश्नच उरत नाही. बियारच्या चित्रात भरपाई दिसत नाही, पण तिच्यामागचा तर्क त्या गुडघे टेकलेल्या माणसांमध्ये दिसतो.

हा वाद आजही जुना झालेला नाही. मार्टिनिकमध्ये सुट्टी असते ती २२ मेची. २०२० साली त्याच दिवशी तिथे शोल्शेर यांचे दोन पुतळे पाडले गेले. पुतळे पाडणं मला पटतंच असं नाही, शोल्शेर यांचं काम खरं होतं. पण पाडणाऱ्यांचं भांडण त्या कर्ता नसलेल्या वाक्याशी होतं, हे समजतं.

म्हणून माझं मत असं: बियारचं चित्र १८४८ मध्ये काय घडलं याचा पुरावा म्हणून कमजोर आहे. पण जे घडलं ते फ्रान्सला कसं आठवायला आवडलं, याचा तो उत्तम पुरावा आहे. स्रोत फेकून द्यायचा नसतो, तो कशाचा स्रोत आहे ते ओळखायचं असतं.

पुढच्या लेखापर्यंत एक काम करा. तुमच्या सिनॉप्सिसमधलं 'करण्यात आले', 'दिसून आले', 'मानले जाते' असं एक वाक्य शोधा. त्यापुढे तीन गोष्टी लिहा: कुणी केलं, कुठे केलं, आणि दिलेली तारीख घटनेची आहे की नोंदीची. तिन्हींची उत्तरं आली तर वाक्य ठेवा. नाही आली तर तुमच्या पुढच्या सहा महिन्यांचं काम तिथेच सापडलं असेल.