एकादशी आणि ‘डिटॉक्स’

माउली, एकादशीने ‘शरीर डिटॉक्स होते’ असे हल्ली कीर्तनातूनही ऐकू येते. मग फराळाचे ताट पाहा: साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वर केळ्याचे वेफर्स. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा जवळजवळ निव्वळ स्टार्च. मधुमेही वारकऱ्याची साखर तो झपाट्याने चढवतो. (कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा, ज्ञानोबांच्या काळी इथे नव्हताच.) शरीरातली घाण काढायला यकृत आणि मूत्रपिंडे रात्रंदिवस राबतात. त्यांना डिटॉक्सची पुडी नको, वारीच्या वाटेवर पुरेसे पाणी हवे. उपवास विठ्ठलाजवळ बसण्यासाठी. त्याला वजनकाट्यावर कशाला चढवता? भगर, राजगिरा, ताक थोडे घ्या. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय निर्जळी धरू नका.