शार्त्रचा अंधार : गॉथिक वास्तुकलेच्या आस्वादातील एक प्रश्न

फ्रान्समधील शार्त्र येथील कॅथीड्रलविषयी गेल्या दीडशे वर्षांत जे विपुल लेखन झाले, त्यात एका अनुभवाचा उल्लेख वारंवार येतो. बाहेरच्या उन्हातून आत पाऊल टाकताच प्रेक्षक काळोखात बुडतो. भिंती, स्तंभ, छत यांच्या कडा विरघळून जातात आणि निळ्या-तांबड्या काचचित्रांचे पट तेवढे अधांतरी पेटलेले दिसतात. वीसमान्स या फ्रेंच लेखकाने १८९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘ला कातेद्राल’ या कादंबरीच्या आरंभीच हा काळोख आणि त्यातून हळूहळू उमलणारी पहाट रंगविली आहे. पुढे हा गूढ काळोख म्हणजेच गॉथिक कलेचे सार, असे मानण्याकडे रसिकांचा आणि काही प्रमाणात अभ्यासकांचाही कल झाला. २००९ पासून या वास्तूच्या अंतर्भागाचा जो जीर्णोद्धार हाती घेण्यात आला, त्याने या समजुतीच्या मुळालाच हात घातला. काळोखाचा मोठा भाग वास्तूचा नसून काजळीचा होता, हे त्यातून उघड झाले. मग ज्या अनुभवावर आस्वादाची एक परंपरा उभी राहिली, तिची वासलात कशी लावायची? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

१

शार्त्रचे माहात्म्य मेरीच्या वस्त्राशी निगडित आहे. ‘टकल्या’ चार्ल्स राजाने ८७६ मध्ये हे वस्त्र येथील मंदिराला अर्पण केले, अशी परंपरा आहे. त्यामुळे शार्त्र हे यात्रास्थान झाले. अकराव्या शतकात बिशप फुल्बेर याने भव्य मंदिर उभारण्यास आरंभ केला. ११३४ च्या आगीनंतर पश्चिमेकडील दर्शनी भाग नव्याने बांधण्यात आला. ‘राजद्वार’ म्हणून ओळखली जाणारी तिहेरी द्वाररचना व तिच्यावरील स्तंभाकार मूर्ती या काळातील. १० जून ११९४ रोजी पुन्हा आग लागली. तळघर, पश्चिमेकडील मनोरे आणि राजद्वार एवढेच वाचले. वस्त्रही जळाले, अशी हाकाटी झाली. परंतु ते तळघरातून सुखरूप बाहेर आले. मेरीला याहून भव्य मंदिर हवे आहे, असा या घटनेचा अर्थ लावण्यात आला आणि पुनर्बांधणी सुरू झाली.

ही पुनर्बांधणी विलक्षण वेगाने झाली. १२२१ च्या सुमारास धर्माधिकारी वेदीकक्षातील आपल्या आसनांवर स्थानापन्न झाले. विधिपूर्वक प्रतिष्ठा मात्र नवव्या लुईच्या काळात, १२६० मध्ये झाली. मुख्य वास्तू एका पिढीच्या आवाक्यात उभी राहिल्यामुळे तिच्या घाटात एक एकसंधता आहे, आणि ती आपल्या विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

२

या घाटाचे वैशिष्ट्य म्हणजे एका मजल्याचा त्याग. आधीच्या गॉथिक मंदिरांत मध्यदालनाच्या भिंतीला चार थर असत : खाली कमानींची रांग, तिच्यावर रुंद सज्जा, मग अरुंद मार्गिका आणि सर्वांत वर खिडक्या. सज्जा छताच्या दाबाला आधार देई. शार्त्रच्या स्थपतीने तो गाळला. छताचा बाहेर ढकलणारा जोर त्याने बाहेर उभारलेल्या भक्कम धिऱ्यांवर आणि त्यांच्यापासून भिंतीकडे झेपावणाऱ्या अर्धकमानींवर सोपविला. त्यामुळे वरच्या खिडक्या खालच्या कमानींच्या जवळजवळ बरोबरीने उंच करता आल्या. सुमारे ३७ मीटर उंचीच्या छताखाली भिंतीचे काम आधार देण्यापेक्षा काच धारण करण्याचे झाले. प्रत्येक खणात दोन उंच गवाक्षे आणि त्यांवर एक चक्र, ही रचना लयबद्ध रीतीने पुनरावृत्त होत जाते.

या लयीतही एक सूक्ष्म भेद आहे. मध्यदालनातील स्तंभ एकाआड एक बदलतात. गोल गाभ्याच्या स्तंभाला अष्टकोनी उपस्तंभ जोडलेले आहेत, तर त्याच्या शेजारच्या अष्टकोनी गाभ्याच्या स्तंभाला गोल उपस्तंभ. एकाच आकृतीचे हे दोन परस्परपूरक पाठ होत. काजळीने माखलेल्या भिंतींत हा भेद शोधावा लागे. ज्या स्थपतीने तो एवढ्या काळजीने घडविला, त्याला तो दिसू नये असे वाटत असेल काय?

३

या शंकेला पुरावा मिळाला तो भिंतीवरील लेपातून. अंतर्भागाला मुळात रंग होता, याची जाणीव तज्ज्ञांना पूर्वीच झाली होती. युर्गेन मिख्लर यांनी १९८९ मध्ये त्या मूळ रंगयोजनेची मांडणी केली होती. जीर्णोद्धाराच्या वेळी काजळीचा थर निघाल्यावर तेराव्या शतकातील लेपाचा फार मोठा भाग खाली टिकून असल्याचे आढळले. मेणबत्त्या, तेलाचे दिवे आणि पुढच्या काळात मंदिर उबदार ठेवण्याची साधने यांच्या धुराने तो झाकला गेला होता. लेपाची छटा फिकट पिवडीची. आणि त्यावर पांढऱ्या रेघांनी दगडांचे सांधे आखलेले. हे सांधे खोटे आहेत. लेपाखाली असलेल्या खऱ्या दगडांच्या सांध्यांशी ते जुळत नाहीत.

या एका तपशिलाचा अर्थ फार दूरवर जातो. मंदिराचा दगड जवळच्या बेर्शेर येथील खाणीचा : कठीण, खडबडीत, दिमाखदार. बांधणाऱ्यांनी तो लेपाखाली झाकला आणि त्यावर एक नियमित, निर्दोष बांधकाम रेखाटले. एकोणिसाव्या शतकात व्हायोले-ल-द्यूक याने गॉथिक वास्तूचे मर्म रचनेच्या प्रामाणिकपणात पाहिले. तिचा प्रत्येक अवयव आपले कार्य उघडपणे सांगतो, ही त्याची भूमिका. पुढे तिचे रूपांतर उघड्या दगडाच्या आराधनेत झाले. मुंबईच्या वाचकाचा गॉथिकशी पहिला परिचय याच शतकातील पुनरुज्जीवित शैलीतून होतो. विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह (१८७४) व राजाबाई मनोरा (१८७८) यांचा घडीव, उघडा दगड पाहत वाढलेल्या आपल्या दृष्टीला रंगविलेले गॉथिक प्रथमदर्शनी खोटे वाटले, तर नवल नाही. परंतु शार्त्रचा पुरावा या दृष्टीच्या विरुद्ध आहे. येथे स्थपतीला दगड दाखवावयाचा नव्हता. बांधणीची कल्पना दाखवावयाची होती.

१९५१ मध्ये पानोफ्स्की यांनी गॉथिक वास्तू आणि तत्कालीन विद्यापीठीय तत्त्वचिंतन यांचा संबंध जोडताना ‘प्रकटीकरण’ हे तत्त्व पुढे केले. ज्याप्रमाणे शास्त्रग्रंथ आपल्या विभाग-उपविभागांतून आपली तर्करचना वाचकापुढे उघड करतो, त्याप्रमाणे मंदिरही करते, असे त्यांचे म्हणणे. हे साम्य ताणलेले आहे, असा आक्षेप त्यावर घेतला गेला. तरीही पांढऱ्या रेघांनी आखलेल्या या भिंतीपुढे ते तत्त्व अधिक अर्थपूर्ण वाटू लागते. रेघ दगडाविषयी खोटे बोलते, पण रचनेविषयी स्पष्ट बोलते.

४

तथापि, काळोखाच्या जागी लख्ख उजेडाची स्थापना करणे हीदेखील चूक ठरेल. त्याचे कारण काचांमध्येच आहे. पश्चिमेकडील तीन गवाक्षे बाराव्या शतकाच्या मध्यातील असून त्यांचा निळा रंग पारदर्शी व हलका आहे. तेराव्या शतकातील काचचित्रांचे रंग त्यांहून गडद व दाट आहेत. खिडक्या प्रचंड वाढल्या, परंतु त्यांतून येणारा प्रकाश गाळलेला, जड असाच राहिला. अठराव्या शतकातील धर्माधिकाऱ्यांना तो इतका अपुरा वाटला, की वेदीकक्षातील काही काचचित्रे काढून त्यांनी साध्या काचा बसविल्या. म्हणजे स्वच्छ भिंतींचे शार्त्रही झगझगीत नव्हते. ‘प्रकाश’ हा शब्द सँ दनीच्या मठाधिपती सुगेर याच्या काळापासून या कलेच्या चर्चेत केंद्रस्थानी आहे. पण त्याचा अर्थ उजेडाचे प्रमाण असा नव्हे. रंगाने अर्थ प्राप्त झालेला प्रकाश, असा तो आहे. दक्षिणेकडील चक्रगवाक्षाखाली चार सुवार्ताकार चार संदेष्ट्यांच्या खांद्यांवर बसलेले दाखविले आहेत. नवा करार जुन्याच्या आधाराने उंच होऊन पाहतो, हा विचार तेथे उन्हानेच वाचावयाचा असतो. फिकट भिंत ही त्या वाचनाची पार्श्वभूमी होती, प्रतिस्पर्धी नव्हे.

५

जीर्णोद्धारावर तीव्र टीका झाली. अमेरिकन समीक्षक मार्टिन फिलर यांनी २०१४ मध्ये त्याला सांस्कृतिक अपराध ठरविले. मॅडलिन कॅव्हिनेस व जेफ्री हॅम्बर्गर या मध्ययुगीन कलेच्या अभ्यासकांनी त्याचे समर्थन केले. भिंत उजळली की डोळ्याला काच फिकी वाटते, हा विरोधकांचा मुद्दा अनुभवाला धरून आहे. मात्र त्यावरून काजळी ही कलाकृतीचा भाग ठरत नाही. संगीताच्या मैफलीत बाहेरच्या पावसाने स्वर अधिक आर्त वाटला, तरी पाऊस रागाचा घटक होत नाही.

दुसरा मुद्दा अधिक वजनाचा आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेप्रमाणे जेथे तर्क सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि वास्तूवर प्रत्येक काळाने केलेल्या रास्त संस्कारांचा आदर राखला पाहिजे. हा निकष लावला, तर येथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. काजळी पुसून मूळ लेप उघडा करणे हे ज्ञानाचे कार्य आहे. जेथे लेप उरलेला नाही तेथे तो नव्याने भरणे हे अनुमानाचे कार्य आहे, आणि ते जितके सफाईदार तितके अधिक फसवे. कारण मग सातशे वर्षांपूर्वीचा आणि आजचा हात डोळ्याला वेगळा ओळखता येत नाही.

सोळाव्या शतकातील ‘स्तंभावरील मेरी’च्या मूर्तीचे उदाहरण तर याहूनही अवघड. ती कृष्णवर्ण म्हणून पूजिली जात होती. जीर्णोद्धारानंतर ती गौरवर्ण झाली. भिंतीवरची काजळी कोणी पूजिली नव्हती. मूर्तीचा काळा वर्ण मात्र भाविकांच्या अनेक पिढ्यांच्या उपासनेत सामावला होता. तेथे काळाचा संस्कार मूर्तीच्या अर्थाचाच अंश झाला होता. तो काढताना भिंतीचा निकष पुरेसा ठरत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

यावरून टीकेपुरता एक निष्कर्ष काढता येतो. वीसमान्सचा काळोख खोटा नव्हता. तो एका काळाच्या संवेदनेचा अस्सल दस्तऐवज आहे. परंतु तो १८९८ च्या शार्त्रचा आहे, १२२१ च्या नव्हे. एका काळाच्या अनुभवाला दुसऱ्या काळाच्या कलाकृतीचे लक्षण ठरविले, की आस्वाद इतिहासाची जागा घेतो. आपल्या अभ्यासक्रमांतून गॉथिकचे विवेचन करताना ‘गूढ अंधार’ हे विशेषण यापुढे जपून वापरावे लागेल. आणि त्या पिवडीच्या भिंतीवरील पांढऱ्या, खोट्या रेघांना त्या विवेचनात मानाचे स्थान द्यावे लागेल.