कुलवृत्तांतांतील हद्दपार पूर्वज

कुलवृत्तांत लिहिण्याची हौस आपल्याकडे चांगली रुजली असून तिच्यामुळें पुष्कळ जुने कागद वाळवीच्या तोंडून वांचले, हें आम्ही आनंदानें मान्य करतों. पण या ग्रंथांतील एक जागा आम्हांस नेहमीं खटकते. एखाद्या पुरुषाच्या नांवापुढें ‘श्रीमंतांबरोबर ब्रह्मावर्तास गेले’ एवढें लिहून संपादक खालीं रेघ ओढतात. जणूं तो गृहस्थ निपुत्रिकच वारला!

३ जून १८१८ रोजीं दुसरे बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले आणि सालीना आठ लक्षांच्या नेमणुकीवर १८५१ पर्यंत गंगातीरीं राहिले. ते एकटे हद्दपार झाले नाहींत. भिक्षुक, कारकून, शागीर्द सहकुटुंब मागोमाग गेले. झांशीच्या राणीचे वडील मोरोपंत तांबे याच वर्तुळांतले. आधीं काशीस चिमाजीअप्पांच्या पदरीं, मग ब्रह्मावर्तास. समजा, इंद्रायणीकांठच्या चऱ्होलीचा एखादा कारकून त्या मेळ्यांत होता. त्याच्या पणतवाचा माग कोठें काढावा?

गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ हा पहिला आधार. वरसईच्या या भिक्षुकानें १८५७-५८ च्या धामधुमींत उत्तरेंतील मराठी कुटुंबें जवळून पाहिलीं. मात्र चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ सालीं छापलेल्या पाठावर त्यांचा हात फिरलेला आहे. पोतदारांनीं मूळ हस्तलिखितावरून १९६६ सालीं सिद्ध केलेलाच पाठ या कामीं घ्यावा. एका नांवावर सारें अवलंबून असतां संपादकाची सफाई घातक होय.

त्याहून मोलाच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. काशीगयेस आलेला यजमान तेथें बाप, आजा, भाऊ, मूळ गांव असें सारें लिहून देतो. १७५५ सालीं इंग्रजांनीं नोव्हास्कोशियांतून अकेडियन फ्रेंच शेतकऱ्यांस हांकलून दिलें, तेव्हां ग्रॅन प्रे गांवच्या चर्चचीं जन्मविवाहांचीं दप्तरें निर्वासितांबरोबर थेट लुइझियानांत पोंचलीं, आणि त्यांवरून वंशजांस आपलीं घराणीं जुळवितां आलीं. आमचें दप्तर तर उपाध्यायांच्या घरीं आयतें आहे; तें उघडण्याचे कष्ट मात्र संपादकांस नकोत.

येथें एक सावधगिरी हवी. आडनांवाचें नुसतें साम्य हा पुरावा नव्हे. उलट, १८५७ सालीं इंग्रजी फौजेनें नानासाहेबांचा वाडा उद्ध्वस्त केल्यावर त्यांच्या आश्रितांस खरें नांव सांगणें धोक्याचें होतें. तेव्हां आडनांव निराळें दिसलें म्हणून माणूस झिडकारूंही नये. गोत्र, कुलदैवत आणि पणजोबाचें नांव हीं तिन्ही जुळतात कीं नाहीं तें पहावें. तोंवर, पुढील आवृत्तींत त्या नांवाखालीं रेघ न ओढतां जागा कोरी सोडावी, एवढी संपादकांस विनंती आहे.